इस्त्रीचा तळ घासण्याआधी त्यावरचा थर कशाचा आहे ते ओळखा

प्रश्न असा आहे: तीन-चार वर्षे वापरलेल्या वाफेच्या इस्त्रीच्या तळाला तपकिरी-काळपट थर चढला आहे, पांढऱ्या कपड्यांवर त्याचे डाग उमटतात, वाफेच्या छिद्रांतून अधूनमधून पांढरे कण पडतात आणि इस्त्री कापडावरून पूर्वीसारखी सरकत नाही. मीठ, दंतमंजन, काचकागद, तापाची गोळी असे अनेक उपाय ऐकायला मिळतात. त्यांपैकी कोणता करावा आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या काळात माझ्या हाती आलेल्या इस्त्र्यांपैकी मळामुळे निकामी झालेल्या फारच थोड्या होत्या; मळ काढण्याच्या घाईत ज्यांचा तळ खरवडला गेला, लेप उडाला किंवा ज्यांच्या टाकीत नको ते ओतले गेले अशा मात्र पुष्कळ होत्या. म्हणून पदार्थांची यादी देण्याआधी दोन गोष्टी ठरवायला सांगतो. पहिली, आपल्या इस्त्रीचा तळ कशाचा आहे. आणि दुसरी, त्याला चिकटलेला थर कशाचा आहे. ही दोन उत्तरे मिळाली की उपाय बहुधा आपोआप ठरतो, आणि तो ऐकीव उपायांपेक्षा पुष्कळच सौम्य निघतो.

तळाचे चार प्रकार सर्रास आढळतात. साध्या, कोरड्या इस्त्रीचा तळ बहुधा उघड्या ॲल्युमिनियमचा असतो. तो रुपेरी-पांढरट दिसतो आणि पांढऱ्या फडक्याने जोराने पुसला तर फडक्यावर करडी छटा येते. स्टेनलेस स्टीलचा तळ आरशासारखा चकाकतो. न चिकटणारा लेप दिलेला तळ गडद करडा किंवा काळा असतो व त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळी होऊन राहतो. सिरॅमिकचा तळ चिनी मातीच्या भांड्यासारखा काचेरी दिसतो. तो कठीण असला तरी कडेला आपटला की त्याचा टवका उडतो. इस्त्रीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात हे लिहिलेले असते, पण ते जपून ठेवणारे घर मी क्वचितच पाहिले आहे.

यांपैकी लेपाच्या आणि सिरॅमिकच्या तळाला कोणताही खरखरीत पदार्थ लावू नये. स्टील त्या मानाने सोशिक आहे, पण काचकागद किंवा तारेची घासणी त्यालाही चालत नाही. एकदा बारीक ओरखडे पडले की खळ, साबण आणि धाग्यांचे तंतू त्या ओरखड्यांत बसू लागतात, आणि घासून स्वच्छ केलेला तळ पूर्वीपेक्षा लवकर मळतो. मग माणूस पुन्हा घासतो. हे चक्र बहुतेक वेळा पहिल्या घासणीच्या दिवशीच सुरू झालेले असते.

आता थराकडे वळू. सर्वांत जास्त आढळणारा थर म्हणजे खळीचा. खळ म्हणजे स्टार्च. तो कोरड्या उष्णतेने भाजला गेला की आधी त्याचे डेक्स्ट्रिन नावाच्या पिवळसर-तपकिरी पदार्थात रूपांतर होते आणि त्यानंतरच तो जळून काळा होतो. हा फरक कामाचा आहे, कारण डेक्स्ट्रिन पाण्यात विरघळते आणि कोळसा विरघळत नाही. म्हणजे थर तपकिरी असेपर्यंत केवळ पाण्यानेही निघतो. तो काळा होऊ दिला की कष्ट वाढतात. साबणाचेही तसेच आहे. कपडे नीट खळबळले गेले नाहीत तर धाग्यांत राहिलेला साबण आणि कपडे मऊ करणारे द्रावण तापलेल्या तळाला लागते व तेथे करपते. जो तळ महिन्याभरात पुन्हा पुन्हा तपकिरी होतो, त्याचे कारण बऱ्याचदा धुण्यात असते, इस्त्रीत नव्हे.

खळीचा आणि साबणाचा थर काढण्यासाठी इस्त्रीचा प्लग काढून ती पूर्ण गार होऊ द्यावी. एक जाड सुती फडके कोमट पाण्यात भिजवून, पिळून, त्यावर भांडी धुण्याच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. ते फडके ताटावर पसरून त्यावर इस्त्री अर्धा तास तळ टेकवून ठेवावी. अर्धा तास हा शब्द मी मुद्दाम वापरतो. लोक दोन मिनिटे पुसतात, थर हलत नाही असे पाहतात आणि सुरी शोधायला जातात. विरघळणाऱ्या पदार्थाला वेळ हवा असतो, जोर नको असतो. अर्ध्या तासानंतर त्याच फडक्याने पुसले तर बहुतेक थर उतरतो; उरलेल्यासाठी हीच क्रिया एकदोनदा करावी आणि शेवटी साध्या ओल्या फडक्याने साबणाचा अंश काढून टाकावा. इस्त्री नळाखाली धरायची नाही, हे वेगळे सांगायला नको. पण धरलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगतो.

यानंतरही करपलेले काळे ठिपके उरले आणि तळ स्टीलचा किंवा उघड्या ॲल्युमिनियमचा असेल, तर खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून दाटसर लेप करावा, तो ठिपक्यांवर पंधरा मिनिटे ठेवावा आणि मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसावा. खाण्याचा सोडा हा मऊ खनिजांपैकी आहे, त्यामुळे त्याने धातूवर खोल चरा पडत नाही. धुण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमला लावू नये. तो तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे धातूवरचा नैसर्गिक संरक्षक पापुद्रा खातो आणि तळ काळवंडतो. लेप छिद्रांत जाऊ नये म्हणून छिद्रांच्या आजूबाजूला हात आवरता घ्यावा, आणि काम झाल्यावर ओल्या कापसाच्या काडीने प्रत्येक छिद्राची कड पुसावी. न चिकटणाऱ्या लेपाच्या तळासाठी हा उपायही टाळावा. तेथे फडके आणि धीर एवढेच पुरते.

दुसरा आणि अधिक चिवट थर वितळलेल्या कृत्रिम धाग्याचा असतो. इस्त्रीच्या नॉबवर आणि कपड्याच्या पट्टीवर दिसणारे एक, दोन आणि तीन ठिपके म्हणजे अनुक्रमे सुमारे ११०, १५० आणि २०० अंश सेल्सिअस. नायलॉनच्या एका प्रचलित प्रकाराचा वितळणबिंदू २२० अंशांच्या आसपास आणि पॉलिएस्टरचा २५० अंशांच्या आसपास असला, तरी हे धागे त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडून चिकटू लागतात. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णता आपोआप चालू-बंद करणारा भाग, हा काही अचूक तापमापक नसतो. तो ठरलेल्या तापमानाच्या वरखाली हेलकावे घेत राहतो, आणि नुकत्याच तापू लागलेल्या इस्त्रीत पहिला हेलकावा सर्वांत मोठा असतो. दिवा विझताक्षणीच नाजूक कपडा इस्त्रीखाली घेण्यातला धोका तोच आहे. दिवा एकदा विझून, पुन्हा लागून, पुन्हा विझेपर्यंत थांबावे.

असा धागा चिकटला तर तो गार स्थितीत खरवडू नये आणि पूर्ण तापवून जाळूही नये. इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून चिकटलेला पदार्थ नुसता मऊ होऊ द्यावा, प्लग काढावा आणि जाड सुती कापडावर, किंवा जुन्या टॉवेलवर, इस्त्री दाबून पुढे सरकवावी; मऊ पदार्थ कापडाच्या विणीत अडकून निघतो. कापडाची जागा प्रत्येक वेळी बदलावी. एकदोन ठिकाणी अडला तर लाकडी उलथन्याच्या कडेने हलकेच ढकलावा. लाकूड धातूपेक्षा मऊ असते. कमी उष्णतेवर मऊ पडत नसेल तर नॉब थोडाथोडाच वाढवत जावा. प्लॅस्टिकची पिशवी चिकटली असेल तर काम सोपे आहे, कारण पॉलिथिन ११० ते १३० अंशांतच वितळते. जाड ढेकूळ असेल तर उलट गार होण्याची वाट पाहावी. प्लॅस्टिक धातूपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे कधीकधी ते स्वतःच सुटून येते. या तर्काने इस्त्री शीतपेटीत ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो ऐकू नये. बाहेर काढल्यावर आतल्या भागांवर दव धरते आणि तशीच ती वीजप्रवाहाला जोडली जाते.

नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन याबाबत बरेच सुचवले जाते. ते ॲसिटेट धाग्यावर आणि काही छपाईंवर चालते, पण नायलॉन आणि पॉलिएस्टर त्यात विरघळत नाहीत, म्हणजे ज्यांचा त्रास सर्वाधिक तेथेच ते निरुपयोगी ठरते. ते इस्त्रीच्या प्लॅस्टिकच्या अंगालाही खाते आणि चटकन पेट घेते. वापरायचेच असेल तर प्लग काढलेल्या, गार इस्त्रीवर, कापसाच्या बोळ्याने, खिडक्या उघड्या ठेवून वापरावे. आणि वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री लावू नये.

आता ऐकीव उपायांविषयी. तापलेल्या इस्त्रीवर पॅरासिटामॉलची गोळी घासण्याचा उपाय खरोखर चालतो, हे मी नाकारणार नाही. पॅरासिटामॉल सुमारे १७० अंशांना वितळते आणि त्या तापलेल्या द्रवात करपलेला थर सुटतो. तरीही मी तो करत नाही. नखाएवढी गोळी तेवढ्या तापलेल्या धातूवर धरायची म्हणजे चटका जवळजवळ ठरलेला, त्यातून उठणारा धूर नाकातोंडात जातो, आणि छिद्रांत शिरलेला वितळलेला अंश पुढे कोणत्या कपड्यावर उतरेल ते सांगता येत नाही. जे काम ओले फडके अर्ध्या तासात करते त्यासाठी ही जोखीम मला पटत नाही. मिठावर इस्त्री फिरवण्याने उघड्या ॲल्युमिनियमच्या साध्या इस्त्रीचा थर निघतो. मीठ त्या धातूपेक्षा किंचित मऊ आहे. पण वाफेच्या इस्त्रीत त्याचे कण छिद्रांत बसतात आणि ओलाव्याबरोबर धातू कुरतडतात. मेणबत्ती फिरवल्यावर इस्त्री गुळगुळीत चालते, कारण मेण स्वतःच वंगण असते. मळ त्याखाली तसाच राहतो आणि मेणाचे तेलकट डाग कपड्यांवर येतात. दंतमंजन स्टीलवर चालण्यासारखे असले तरी छिद्रांतून ते काढता काढता नाकी नऊ येतात.

पांढऱ्या कणांचा प्रश्न तळाचा नसून पाण्याचा आहे. जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापवल्यावर विघटित होते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्याला आपण क्षार किंवा खार म्हणतो ते, मागे उरते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाण्याची कठीणता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल आणि टाकी पाव लिटरची असेल, तर एका भरण्यात सुमारे ७५ मिलिग्रॅम क्षार आत राहू शकतात. आठवड्यातून दोनदा टाकी भरली तर वर्षाला साडेसात ग्रॅमच्या वर. ज्या पोकळीत वाफ तयार होते ती हाताच्या तळव्याएवढीही नसते, हे लक्षात घेतले म्हणजे वाफ मंदावून पांढरे ढलपे का पडतात ते समजेल.

यावर पहिला उपाय इस्त्रीतच असतो. ज्या इस्त्रीला स्वयंस्वच्छतेची कळ आहे तिची टाकी पूर्ण भरावी, नॉब सर्वाधिक उष्णतेवर ठेवावा, दिवा दोनदा विझेपर्यंत थांबावे, प्लग काढावा आणि मोरीवर इस्त्री आडवी धरून ती कळ दाबून ठेवावी. इस्त्री पुढेमागे हलवत राहावी. उकळते पाणी, वाफ आणि क्षारांचे कण जोराने खाली येतात, म्हणून हात आणि चेहरा दूर ठेवावा व मुलांना जवळ येऊ देऊ नये. टाकी रिकामी झाली की इस्त्री पुन्हा तापवून जुन्या कापडावर फिरवावी, म्हणजे छिद्रांत उरलेले पाणी आणि कण त्या कापडावर उतरतील. जड पाणी वापरणाऱ्या घरात हे दर महिन्याला करावे. चार वर्षांनी एकदा केल्यास थर इतका घट्ट झालेला असतो की पहिल्या खेपेला केवळ गढूळ पाणी येते आणि ढलपे तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुटतात; तेव्हा पहिल्या प्रयत्नाला यश आले नाही म्हणून थांबू नये. काही इस्त्र्यांत वाफ कमीजास्त करणारी दांडी ओढून बाहेर काढता येते; तिच्या टोकावरचा क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून काढावा, टोकाला बोट लावू नये आणि ती बसवल्याशिवाय इस्त्री वापरू नये.

टाकीतच व्हिनेगर किंवा लिंबाचे सत्त्व घालावे काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. आम्लाने क्षार विरघळतात हे खरे आहे. पण त्याखालचे ॲल्युमिनियमही आम्लाला बळी पडते. शिवाय वाफेच्या पोकळीत आतून एक लेप दिलेला असतो, ज्यामुळे पडलेला थेंब तापलेल्या तव्यावर नाचतो तसा न नाचता पसरतो आणि चटकन वाफ होतो. आम्लाने हा लेप गेला की थेंब नाचत नाचत छिद्रांतून बाहेर पडतात आणि इस्त्री कायमची पाणी गाळू लागते. म्हणून निर्मात्याने माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी दिली असेल तरच, सांगितलेल्या प्रमाणात, हा मार्ग घ्यावा. अन्यथा स्वयंस्वच्छतेची क्रिया पुन्हा पुन्हा करणे हेच शहाणपणाचे. छिद्रांत सुई किंवा टाचणी घालून कोरणे तर नकोच. कण आत ढकलला जातो आणि छिद्राच्या कडेला निघालेली कंगोरी पुढे रेशमाचे धागे ओढते. टोकदार काही हवेच असेल तर लाकडी दातकोरणे पुरे आहे.

पाणी गळणे आणि क्षार या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या एक समजल्या जातात. नॉब एका ठिपक्यावर असताना वाफ सोडली तर पाण्याची वाफ होण्याइतकी उष्णता तळात नसते आणि पाणी तसेच खाली येते; वाफ दोन ठिपक्यांपासून पुढेच वापरायची असते. टाकीत कोणते पाणी घालावे याबद्दल निर्मात्यांच्या सूचना सारख्या नसतात: काही साधे नळाचे पाणी चालते म्हणतात, काही नळाचे आणि क्षारमुक्त पाणी निम्मेनिम्मे मिसळायला सांगतात. आपले पाणी जड असेल तर निम्मेनिम्मे हा मार्ग बहुधा सुरक्षित असतो. पाणी उकळून, गार करून, निथळून घेतले तरी त्यातल्या कठीणतेचा काही भाग कमी होतो. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असते, पण त्यात धूळ आणि धातूचे अंश असतात; सुगंधी पाणी, खळ किंवा मऊपणाचे द्रावण टाकीत करपून तपकिरी गाळ करते. त्यांपैकी काहीही टाकीत जाऊ नये.

थर पुन्हा चढू नये यासाठी सर्वांत परिणामकारक सवय म्हणजे कपड्यांचा क्रम. इस्त्री तापते लवकर, पण गार व्हायला बराच वेळ घेते. म्हणून कृत्रिम धाग्याचे कपडे आधी, मग लोकर आणि रेशीम, आणि सुती कपडे शेवटी घ्यावेत. मिश्र धाग्याच्या कपड्याला त्यातल्या नाजूक धाग्याची उष्णता द्यावी. खळ मारलेला कपडा फवारा जिरेपर्यंत थांबून, उलट बाजूने करावा. छापील चित्रावर, साखळीवर आणि धातूच्या हुकावर इस्त्री नेऊ नये. आणि इस्त्री ज्यावर फिरते त्या चादरीकडे किंवा फळीच्या खोळीकडेही पाहावे: तळ स्वच्छ करूनही डाग येत राहिले, तर खोळीत मुरलेली खळ आणि साबण पुन्हा वर येत असण्याची शक्यता मोठी असते. ती खोळ धुणे हा अर्धा उपाय आहे, आणि तो कोणी करत नाही.

काम संपल्यावर टाकीतले पाणी ओतून टाकावे, वाफेची कळ बंद करावी, इस्त्री दोन मिनिटे तापवून आतला ओलावा घालवावा, आणि गार झाल्यावर उभी ठेवावी. तळावर आडवी ठेवली तर उरलेले पाणी छिद्रांत साचते आणि पुढच्या वेळी पहिल्याच कपड्यावर पिवळट डाग देते.

वायरीकडे मात्र प्रत्येक वापराआधी नजर टाकावी. इस्त्रीत वायर जिथे शिरते तिथे ती सतत वाकते आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. इस्त्री हलवताना दिवा लुकलुकू लागला तर तीच जागा संशयाची. उरलेल्या थोड्या तारांतून सगळा प्रवाह जात असल्यामुळे ती जागा तापते. २००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर घेते. एवढ्या प्रवाहाला बारीक वायरीचे एक्स्टेंशन किंवा सैल सॉकेट चालत नाही, आणि प्लगच्या पिना काळवंडल्या असतील तर कारण बहुधा तेच असते. वायर बदलताना कापडी वेष्टनाची, उष्णता सोसणारी, तीन तारांची वायरच घ्यावी. साधी पीव्हीसीची वायर ७० अंशांच्या पलीकडे टिकत नाही, आणि तापलेल्या तळाला एकदा जरी टेकली तरी वितळते. गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळण्याची सवय याच कारणासाठी सोडावी. अर्थिंगची तार कधीही वगळू नये. इस्त्रीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ती त्याच क्षणी बंद करून तपासायला द्यावी, चपला घालून वापरत राहू नये.

थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले तर दिवा विझतच नाही आणि इस्त्री तापतच जाते. अशा वेळी आतला, अति उष्णतेने उडणारा फ्यूज उडतो आणि इस्त्री बंद पडते. हा फ्यूज वगळून तार थेट जोडलेल्या इस्त्र्या मी दुरुस्तीला आलेल्या पाहिल्या आहेत. एकीच्या हँडलचे प्लॅस्टिक वितळून खाली आले होते. फ्यूज का उडाला हे शोधून, थर्मोस्टॅट बदलून, त्याच मापाचा फ्यूज बसवणे एवढाच योग्य मार्ग आहे. टाकीला तडा जाऊन पाणी विजेच्या भागांत उतरत असेल, किंवा तळाचा लेप सोलून निघून कपड्यांना लागत असेल, तर अशा इस्त्रीवर आणखी खर्च करू नये. ती टाकून देताना वायर मुळाशी कापून टाकावी, म्हणजे दुसरे कोणी ती उचलून पुन्हा प्लगात लावणार नाही.